तळाचा फवारा

मालनमावशीने बाळाला पाळण्यात ठेवलं नाही. उलट उचलून खांद्याला लावलं आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

श्रुतिकाच्या हातात निळ्या टोपणाची फवाऱ्याची बाटली होती. "ठेवा ना तिला, मावशी. उशीजवळ दोनदाच मारते. नाक मोकळं होईल तिचं."

"नको, ताई."

"अहो, केमिकल नाहीये हे. निलगिरी आणि पुदिन्याचं तेल, बस. मी स्वतः बनवलंय घरी."

तीन महिन्यांची पोर दोन दिवस सर्दीने घुसमटत होती आणि दोन रात्री आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मालनमावशीला तिची दया येत होती. पण मुलुंडमध्ये अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची बाळं न्हाऊमाखू घालणारी ही बाई दया आली म्हणून ऐकणाऱ्यातली नव्हती. आणि तेलातलं आपल्याला कोणी शिकवावं हे तर तिला मुळीच खपत नसे.

"बघू ती बाटली."

तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. वर पिवळसर तेलाचा बोटभर थर, खाली पाणी जेमतेम. फवाऱ्याची नळी थेट तळाशी टेकलेली.

"किती घातलंत तेल?"

"आधी दहा थेंब. मग वासच येईना, म्हणून अजून घातलं. काल परत थोडं."

"वास येणार कुठून? तेल वर तरंगतंय आणि नळी ओढतेय तळाचं. आधी नुसतं पाणीच मारलंत तुम्ही. आता पाणी संपत आलं. पुढचा फवारा नुसत्या तेलाचा."

"मग हलवून मारते!"

"काल हलवूनच मारलंत ना? हे बघा." तिने पाळण्याच्या दांड्यावर अंगठा घासला. दांडा चिकट झाला होता आणि अंगठ्याला तपकिरी पॉलिश आलं. "लाकडाचं पॉलिश सोडवलं याने. पोरीचं नाक काय लाकडाचं आहे?"

आवाज चढलेला ऐकून श्रुतिकाचा नवरा सुयोग आतल्या खोलीतून आला, कानाचा हेडफोन गळ्यात अडकवून. "काय चाललंय? माझा कॉल आहे, यार."

"मावशी बाळ देत नाहीयेत. आमच्या ग्रुपवर सगळ्या आया वापरतात, फक्त यांनाच प्रॉब्लेम आहे."

सुयोगने समजुतीचा सूर लावला. "मावशी, तुम्ही मालिश छान करता. पण तुम्ही डॉक्टर नाही."

"नाहीच आहे. म्हणून तर हिच्या नाकापाशी मी काही नेत नाही." तिने बाळाची पाठ थोपटली. "तुमच्या डॉक्टरला फोन लावा. तो हो म्हणाला तर मी गुमान देते."

दोघांपैकी कोणीही फोनला हात लावला नाही.

"भांडुपला एका पोराच्या नाकाखाली आजीने निलगिरी चोळली होती," मालनमावशी म्हणाली. "प्रेमानेच. माझ्या मांडीवर निळं पडलं ते पोर. श्वास घ्यायचाच विसरलं. वाचलं, पण ती आजी अजून माझ्याशी डोळे वर करून बोलत नाही."

श्रुतिका रडायलाच लागली. राग होता, भीती होती, दोन रात्रींची राहिलेली झोप होती. "मी आई आहे तिची! माझ्या घरात मला शिकवू नका तुम्ही. उद्यापासून येऊ नका."

हे मात्र मालनमावशीला लागलं. याच बिल्डिंगमधली आणखी दोन घरं तिला श्रुतिकाच्या शब्दावर मिळाली होती. तीही गेल्यातच जमा. क्षणभर वाटलं, पोर द्यावी, पिशवी उचलावी, चालू पडावं. कोणाचं मूल, कोणाचं घर! तेवढ्यात बाळ तिच्या मानेपाशी घरघरत शिंकलं.

तिने बाटली गॅलरीत नेऊन ठेवली आणि गॅलरीच्या दाराला आतून कडी लावली. खिडकी सताड उघडली. मग भिंतीला पाठ टेकून जमिनीवर पाय लांब पसरून बसली, रोज मालिशला बसायची तशीच, आणि बाळाला नडग्यांवर आडवं घेतलं. दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंना टेकवले. आता पोर घ्यायची तर आधी ते हात उचलावे लागले असते.

"फोन लाव, पोरी," ती म्हणाली. आतापर्यंतचं ताई कुठल्या कुठे गेलं होतं. "उद्यापासून नाही येणार मी. उद्या उजाडू दे. आज मी इथून उठत नाही."