पुठ्ठ्यातलं बिऱ्हाड

नव्या इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल आर्किटेक्ट मृण्मयीने आठवडाभर सोसायटीच्या ऑफिसात ठेवलं होतं. खाली दुकानं, वर घरं. आज रहिवाशांच्या संमतीच्या सह्या घ्यायला ती आली आणि दारातच थबकली.

मॉडेलच्या बाल्कन्यांना काड्यापेटीच्या काड्यांची ग्रिलं बसली होती. बागेत दोरा बांधून चिंध्या वाळत घातल्या होत्या. पार्किंगमध्ये रुमालाचा मांडव होता.

"हे कुणी केलं?"

"ज्याचं त्याने," सेक्रेटरी बिवलकर म्हणाले. "घरं आवडली सगळ्यांना. फक्त खांडगे अडून बसलेत."

खांडग्यांची पिठाची गिरणी नव्या इमारतीत तळमजल्यावर येणार होती. "वरच्या बाईंनी बाल्कनीत तुळस लावलीय," ते म्हणाले. "रोज सकाळी पाणी घालतात. सगळं माझ्या गिरणीत गळतं."

मृण्मयीने वाकून पाहिलं. बाटलीच्या झाकणात तुळशीचं रोप होतं आणि खाली गिरणीचा पुठ्ठा फुगला होता.

"आधी गळती काढा, मग सही."

तिने तासभर समजावलं. शेवटी थकून म्हणाली, "सोमवारी प्लंबर पाठवते."

ती निघाली तेव्हा बिवलकरांनी मागून हाक मारली. "मॅडम, बारीक अंगाचा बघा. दारं फार अरुंद ठेवलीयत तुम्ही."