जाड स्लॅब

"हे नाही जमायचं," पत्रेवाले काका म्हणाले आणि उलगडलेल्या नकाशावरच त्यांनी हातोडी ठेवली.

नकाशा घेऊन आलेली आर्किटेक्ट चपापली. गल्लीतले बाकी सगळे तयार होते. गळकी जुनी रांग पाडून नवी इमारत उभी राहायची होती. रस्त्याला लागून दुकान, मागे ज्याचा त्याचा कारखाना आणि त्याच्याच डोक्यावर त्याचं घर. सुताराने तर पडद्यांचा रंगही ठरवून टाकला होता. आता काका अडून बसले की सगळं मुसळ केरात.

बरं, तिने सगळ्यात जास्त विचार केला होता तो काकांचाच. खाली दिवसभर पत्रा ठोकणं आणि वर अंथरुणाला खिळलेल्या काकू. त्या वरून काठी आपटतात, ओरडतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून तिने खास त्यांच्यासाठी मधली स्लॅब जाड काढली होती. खालचा आवाज वर जाणारच नाही.

"काका, काकूंना शांत झोप लागेल."

"म्हणूनच नको."

म्हातारा हट्टी आहे, असं तिच्या मनात आलं. मग तिची नजर कारखान्यात फिरली. पत्रा कापायची मोठी कात्री खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर गंज चढला होता. ऐरणीवर एकच पत्रा होता, ठोकून ठोकून चाळण व्हायच्या बेताला आलेला.

काकांनी तिची नजर ओळखली. त्यांनी आवाज खाली आणला.

"काम कधीच बंद पडलंय, मॅडम. डबे आता कोण घेतं? लेक पैसे पाठवतो, त्यावर भागतं. पण हिला कळलं ना, तर उद्यापासून औषध घ्यायची नाही. खर्च नको म्हणेल. तोंड मिटून पडून राहील, मी ओळखतो तिला. म्हणून वाजवत बसतो. तुमच्या स्लॅबखाली मी कुणासाठी वाजवू?"

एवढ्यात वरून काठी आपटली. "अहो, झोपलात की काय?"

काकांनी घाईघाईने हातोडी उचलली आणि ठोकायला सुरुवात केली.

आपण चांगलं करायला निघालो आणि भलतंच करून बसलो, याची आर्किटेक्टला लाज वाटली. निदान काकूंना भेटून निघावं म्हणून ती जिना चढून वर गेली.

काकू खिडकीपाशी उशीला टेकून पडल्या होत्या. काठी उशाशीच. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "ती जाड स्लॅब म्हणतात ती तूच काढलीस ना?"

"तुम्हाला त्रास होतो म्हणून, काकू."

"मग पुसून टाक. आणि मी म्हणाले असं त्यांना सांगू नकोस."

"का, काकू?" तिने विचारलं.

"अगं, आधी कात्री करकरते, मग हातोडी पडते. इतकी वर्षं हेच ऐकत आलेय. आता कात्रीचा आवाज येतच नाही. पत्रा न कापता कधी डबा होतो का?" काकूंनी डोळे टिपले. "नुसता बसला की माणूस खचतो बघ. म्हणून हात थांबला की मी काठी आपटते. बायको अजून कामावरून भांडतेय म्हटल्यावर त्यांना बरं वाटतं."

खालची हातोडी थांबली होती. काकूंनी काठीकडे हात नेला, मग आर्किटेक्टकडे बघून मागे घेतला. "जा. वाट बघत असतील."

जिन्याच्या तळाशी काका उभे होते. कपाळावर घाम होता.

"काय म्हणाली? संशय आला का तिला?"

"छे." आर्किटेक्टने नकाशा गुंडाळला. "तुमच्यापुरती स्लॅब पातळ ठेवते. जिन्यालाही दार नको."

"पण ती म्हणाली काय?"

"म्हणाल्या, एवढ्या ऑर्डरी घेत जाऊ नका. जिवाला जपा."

काका खुदकन हसले आणि बाह्या सरसावून वर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "गिऱ्हाईक ऐकत नाही हो!"


वरून काठी आपटली.