सोमवारची चौकशी

परदेशात आल्यावर नात घरीही शाळेचीच भाषा बोलायला लागली, मुलगा-सून कामावरून येऊन आडवे व्हायचे, आणि घरात आजीच्या तोंडाला जणू कुलूप लागलं. शाळेने पालकांसाठी दुभाषी बाई नेमली, तेव्हापासून मात्र आजी दर सोमवारी नातीच्या चौकशीला हजर.

शेवटी वर्गशिक्षिका म्हणाल्या, "नात हुशार आहे. आता दर आठवड्याला यायची गरज नाही, सांगा त्यांना."

दुभाषी बाईने ते आजीला आपल्या भाषेत सांगितलं. आजी पिशवीच्या बंदांशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं. तू जेवलीस का गं?"

दुभाषी बाई शिक्षिकेकडे वळली.



"आजी म्हणतात, नातीच्या गणिताचं काही खरं दिसत नाही. पुढच्या सोमवारी परत येते."