तिसरा गोळा

खाटेजवळच्या टेबलावर पाच वस्तू होत्या: रंगाच्या तीन डब्या, एक लाल नाक आणि नऊ वर्षांच्या शाल्मलीचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र. नळीतून श्वास जोरात आत ओढला की त्यातले तीन गोळे एकेक करून वर चढत. ऑपरेशननंतर हे रोज करायचं होतं, नाहीतर छातीत पुन्हा नळी घालावी लागणार होती. पण काल वॉर्डात विदूषक आला आणि तेव्हापासून ती चादरीबाहेर आलीच नव्हती.

आज तोच विदूषक रंग न लावता आला. साठीचे साधेसे काका. तिच्यासमोर बसून ते गालाला पांढरा रंग लावू लागले.

"दादाच्या मोबाइलमधला विदूषक पलंगाखालून येतो," चादरीतून आवाज आला. "मुलांना चावतो. त्याला खूप दात असतात."

"कुणी मोजले?"

"आधी तुमचे दाखवा."

काकांनी दोन्ही कवळ्या काढून रुमालावर ठेवल्या आणि आ केला. चादर नाकाखाली सरकली. शाल्मलीने आत नीट पाहिलं.

"एकपण नाही. मग चावता कसे?"

"चावतोय कुठला, बाई. वरणभातसुद्धा गिळावा लागतो."

ती हसली, छाती दुखली म्हणून थांबली आणि पुन्हा हसली. लाल नाक तिनेच त्यांना बसवलं. मग यंत्राची नळी तोंडात धरली.

पहिला गोळा वर गेला. दुसराही गेला. तिसरा अर्ध्यापर्यंत चढला.