खात्रीकाका

लेकीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे त्यांना पंपासमोर गाडी थांबवताना पुन्हा आठवलं. पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. उघडून उघडून कागद मऊ पडला होता. फोनवर बाबा ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीत, म्हणून ती पत्रच लिहायची. ‘बाबा, मी परत कामावर रुजू होतेय. दिवसभर बाळाला तुम्ही सांभाळाल का? दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन धजत नाही. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर पाळणाघरात नाव घालीन.’

महिना संपत आला होता. उत्तर लिहायला ते रोज बसत आणि रोज उठत. सगळा जन्म ग्रंथालयात गेलेला. पुस्तकाचं पान फाटलं तर डिंकाने चिकटवता येतं. बाळाच्या बाबतीत काही चुकलं तर?

“पेट्रोल भर आणि आतल्या दुकानातून पिझ्झा आण. पोटात कावळे ओरडतायत,” शेजारच्या सीटवरून ताई म्हणाली. थोरली बहीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं. “आणि दार एकदाच ओढ रे!”

तोवर खाली उतरून गाडीचं दार त्यांनी तिसऱ्यांदा ओढलं होतं. लावलेलं कुलूप, बंद केलेला नळ, फिरवलेली गॅसची कळ, सगळं ते पुन्हा ओढून, दाबून पाहत. स्वतःच्या हातांवर त्यांचा विश्वासच नव्हता. नात्यातली पोरं त्यांना खात्रीकाका म्हणायची. लेकीचं पत्र वाचून ताई खो खो हसली होती. “तू काय करणार तिथे? बाळ झोपलंय की नाही, ते पाय ओढून बघशील!”

ते हसण्यावारी नेता येईना. तिचं खरंच असेल, असंच त्यांना वाटत राहिलं.

इथे आपणच पंपावरच्या खाचेत कार्ड घालायचं आणि आपणच पेट्रोल भरायचं. त्यांनी कार्ड काढलं. डावा हात आपसूक खाचेभोवतीच्या काळ्या चौकटीकडे गेला. त्यांनी ती ओढून पाहिली.

कट्‌कन आवाज झाला आणि चौकट हातात आली.

त्यांचे कान तापले. मोडलं! अख्ख्या जगाने वापरलेली वस्तू आपल्याच हातात मोडायची होती. ताई आरशात बघून केस नीट करत होती. आसपास कुणी नव्हतं. चौकट परत दाबली असती तर बसलीही असती. त्यांनी ती जागेवर धरली, अंगठ्याने दाबत आणली आणि मग थांबले. नाही. मोडलं ते मोडलं. ते दुकानाकडे चालू लागले.

आत पिवळ्या दिव्याखाली काचेच्या पेटीत पिझ्झे कडेने वाळत पडले होते. रांगेत पुढे एक ट्रकवाला होता. त्याला पाहून यांचं उरलंसुरलं धैर्य गळालं.

“बोला आजोबा,” गल्ल्यावरची बाई म्हणाली.

“एक पिझ्झा.”

“आणखी काही?”

“आणि... मी तुमचं मशीन मोडलं.” त्यांनी चौकट गल्ल्यावर ठेवली.

बाईने ती उलटी केली. मागे नखाएवढी बॅटरी होती, बारीक तारा होत्या आणि कडेला चिकट गोंद. तिचा चेहरा उतरला.

“आजोबा, हे आमचं नाहीच!” तिने माईक ओढला. “सगळे पंप बंद! कुणीही कार्ड घालू नका!”

चोरांनी खऱ्या खाचेवर खोटी खाच बसवली होती. कार्ड आत गेलं की तिथल्या तिथे त्याची नक्कल उतरायची, आणि मग खातं रिकामं व्हायचं. सकाळपासून कितीजण तिथे कार्ड घालून गेले होते कोण जाणे. ट्रकवाला त्यातलाच.

“आजच पगार जमा झालाय हो!” तो ओरडला आणि बँकेला फोन लावून दुकानभर येरझाऱ्या घालू लागला. एकदाचं कार्ड बंद झालं. पगार जागेवर होता. त्याने काकांना हातातल्या पिझ्झ्याच्या खोक्यासकट मिठी मारली. “काका, तुम्हाला संशय आला तरी कसा?”

“संशय नाही हो,” ते पुटपुटले. “मी सगळंच ओढून बघतो. खोड आहे.”

“ही खोड माझ्या नवऱ्याला का नाही!” बाई पोलिसांचा नंबर फिरवता फिरवता म्हणाली. पिझ्झ्याचे पैसे घ्यायला तिने साफ नकार दिला.

गलका ऐकून ताई दारात येऊन उभी राहिली होती. ट्रकवाल्याने तिला सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. तिने काकांच्या हातातला खोका घेतला, एक तुकडा काढला आणि चावत राहिली. टोमणा आला नाही. असं यापूर्वी कधी झालं होतं, ते त्यांना आठवेना.

दुकानात पोस्टकार्डंही होती. त्यांनी एक घेतलं, तिकीट लावलं, आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं: ‘येतो. दारं, खिडक्या, पाळणा, सगळं ओढून पाहीन. बाबा.’ हात जराही अडला नाही.

टपालपेटी दुकानाच्या भिंतीलाच होती. कार्ड आत पडल्याचा आवाज झाला. त्यांनी पेटीचं झाकण ओढून पाहिलं आणि ओशाळून मागे वळले.

ताईचे दोन्ही गाल पिझ्झ्याने फुगले होते. तिने घास गिळला.

“अजून एकदा ओढून बघ,” ती म्हणाली.