मिहिकाची झडप

समजा, तुमच्या समोरून एक मुलगा पपईसारखा लांबट चेंडू काखेत दाबून धूम पळत येतोय. तुमच्या मागची पांढरी रेघ त्याने ओलांडली, की त्याच्या संघाला गुण. मधे तुम्ही एकटेच. काय कराल?

मिहिका बाजूला झाली. वर म्हणाली, "सॉरी, अर्श!"

हेमचंद्रकाकांनी कपाळावर हात मारला. आखातातल्या अल कुसैसच्या मैदानावर दर शनिवारी ते मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवत. बचाव करणाऱ्याचं काम साधं होतं. पळणाऱ्याच्या हातातला चेंडू खालून ठोसा मारून सोडवायचा आणि तो जमिनीवर पडला, की झडप घालून पोटाशी धरायचा. मिहिकाला सगळं तोंडपाठ होतं. हात तेवढा पुढे जात नव्हता.

"अगं, हिसकावून घे ना!"

"बट काका, इट्स हिज!"

"त्याचा कसला? माझ्या गाडीतून आलाय तो."

"देन यू टेक इट, काका."

बाकीची पोरं खो खो हसली.

अबू धाबीच्या सामन्यासाठी संघ आजच ठरायचा होता. बचावातल्या ज्याने एकदाही चेंडू मिळवला नाही, त्याला बसमध्ये जागा नाही, हा नियम काकांचाच. आता तोच त्यांच्या घशात अडकला होता. चार महिने या पोरीने एकही शनिवार चुकवला नव्हता. आणि उरला होता एकच डाव.

ते तिच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले.

"गुरुवारी तुझी आत्या आली ना पुण्याहून? एअरपोर्टवर तिची बॅग कोणी घेतली?"

"मी!"

"दिली तिने लगेच?"

"छे! शी वॉज लाइक, राहू दे गं, राहू दे. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली."

"मग?"

"मी खेचली."

"सॉरी म्हणालीस?"

"सॉरी कशाला? बॅग घ्यायचीच असते!"

"झालं तर. चेंडूही तसाच घ्यायचा. अगदी तस्साच."

मिहिकाचे डोळे चमकले. "ओह! असं आधी सांगायचं ना, काका!"

"यल्ला, चला!" काकांनी शिट्टी फुंकली.

अर्श सुसाट निघाला. मिहिका आडवी आली. खालून एक ठोसा, आणि चेंडू उडाला. वेडेवाकडे टप्पे घेत पळणाऱ्या त्या चेंडूवर तिघं धावले. पण सगळ्यांच्या आधी मिहिका त्यावर पडली होती. पोटाशी धरून ती उठली, तेव्हा काका जागच्या जागी नाचत होते. बसमधली जागा पक्की!

"पळ, मिहिका, पळ!"

मिहिका पळाली. अर्श जिकडे निघाला होता, तिकडेच. पांढरी रेघ ओलांडून ती थांबली, धापा टाकत मागून आलेल्या अर्शच्या हातात तिने अलगद चेंडू ठेवला आणि विचारलं, "पहुँच गये. पानी लाऊँ?"