पाचवा खण

"चार बिल्ले आहेत. वितळवले तर पैंजण सहज होतील," जलीलमामू म्हणाला. "लग्नात पैंजण कामाला येतात, बिल्ले नाही."

जहुराने डबी पाठीमागे लपवली. "पाच झाले की संच पुरा. पुरा संच मोडाल तुम्ही?"

"बारा वर्षांत झाला नाही तो आता होणार?" मामू हसला. "बरं. ईदेपर्यंत पाचवा आण. मग डबी तुझी."

"बघाच!"

डबी तिच्या अब्बांची. यूनुस सारंग विलायती आगबोटीवर होते तेव्हा त्यांनी ती आणली होती. चांदीच्या एकेका बिल्ल्यावर एकेक जुनं लढाऊ गलबत, मागे आरमारी लढाईचं नाव. मखमलीत खण पाच, पाचवा रिकामा. त्याच्याखालचं इंग्रजी नाव जहुराने शाळेत शिकलेली अक्षरं जुळवून वाचलं होतं. ट्रफाल्गर. तो बिल्ला अब्बांना मिळालाच नसेल, असं अम्मी म्हणायची.

पुढे अब्बांनी आगबोट सोडली, स्वतःचा मचवा बांधून घेतला. एकदा मीठ भरून निघाले ते वादळात मचव्यासकट गेले. साधी फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. ना कबर, ना तसबीर. जहुराला अब्बा म्हणजे ही डबीच. आणि ती वितळवायची? हट्!

मुरुडच्या बंदरात उतरणाऱ्या एकाही खलाशाला तिने सोडलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी बातमी आणली ती सुकी मासळी विकणाऱ्या आवडाबाईने.

"तुजा गलबताचा बिल्ला म्या बगितला गो! मानगावच्या बाजारान, बांगडीवालीच्या गल्यान."

पुढच्या बाजाराला जहुरा आवडाबाईबरोबर निघाली. होडीने खाडी, मग बैलगाडी, अंगाला सगळा बोंबलांचा वास. पण बांगडीवाली तैयबा समोर दिसली आणि जहुराची नजर थेट तिच्या गळ्याकडे गेली. तोच बिल्ला! फक्त मधोमध एक चौकोनी भोक होतं. ओवायचं भोक कडेला पाडतात एवढंही इथल्या सोनाराला कळू नये?

"हा नाही मिळायचा," तैयबा म्हणाली. "माझा मेहर आहे. निकाहात दिलेला."

जहुराने हातातली चांदीची कडी उतरवली. "ही घ्या. वजनाला जास्तच भरतील."

"मेहर कुणी अदलाबदल करतं का, वेडे?"

"मग मी इथेच बसते."

आणि बसलीच, थेट दुकानाच्या उंबऱ्यावर. गिऱ्हाइकं तिला ओलांडून जाऊ लागली. आवडाबाईची टोपली रिकामी झाली, ऊन पायाशी आलं, जहुरा हलेना.

"अगं, कुणाची पोर तू, एवढी हट्टी?" तैयबा वैतागली.

"यूनुस सारंगांची! मुरुडच्या!"

आत गोणपाटाच्या पडद्याआड कुणीतरी मघापासून खोकत होतं. ते खोकणं थांबलं. मग आतून पुरुषाचा आवाज आला, "देऊन टाक तिला."

"अहो, माझा मेहर!"

"तुला दुसरा करून देतो. दे. आणि बदल्यात काही घेऊ नको."

तैयबाने धुसफुसत दोरा सोडला.

"बगितलंस?" परतताना आवडाबाई म्हणाली. "मरून इतकी वरसं झाली, पन तुज्या बापाच्या नावाला मान हाय गो!"

जहुराची छाती अशी फुलली की बैलगाडी तिला पुरेना. समुद्रापासून इतक्या लांबसुद्धा अब्बांचं नाव चालतं!

घरी बिल्ला खणात बसेना. खाऱ्या हवेने लाकूड फुगलं होतं. ती डबी घेऊन आगरदांड्याला बुधाजी सुताराकडे धावली. अब्बांचा मचवा त्यानेच बांधला होता.

बुधाजी नव्या मचव्यात वाकला होता. आज डोलकाठी उभी राहायची होती. मालकाने तळाच्या खाचेत चांदीचं नाणं ठेवलं, बुधाजीने मधोमध तांब्याचा चौकोनी खिळा ठोकला. वर डोलकाठी बसली की मचवा मोडीत निघेपर्यंत त्या चांदीला कुणी हात लावत नाही. तशी रीतच आहे.

"बुधाजीकाका, पाचवा मिळाला, माणगावात!" तिने बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला.

बुधाजीने तो उलटा केला, सुलटा केला. भोकावरून अंगठा फिरवला. मग नव्या मचव्यात ठोकायला घेतलेला दुसरा खिळा त्याने त्या भोकात घातला. अगदी घट्ट बसला.

"तुज्या अब्बाच्या मचव्यात ह्यो मीच ठोकला व्हता," तो हळूच म्हणाला. "तुजी अम्मी रागावंल म्हनून घरात सांगू नको म्हनला व्हता यूनुस."

जहुरा हसायचीच थांबली.

"पोरी, मानगावात तुला ह्यो दिला कुनी?"